हुमाला भेव घातलं त्याबाबत

दिनांक २५ जुलै १९७८

मी केशरबाई भ्र. तातेराव खरात, वय अंदाजे अठ्ठेचाळीस, धर्म बौद्ध, धंदा बैलगाडी भाड्यानं हाकणं व मजुरी, राहणार बोरमाळ, तीर्थपुरीच्या अलीकडे, तालुका अंबड, जिल्हा औरंगाबाद. समक्ष ठाण्यात हजर होऊन, विचारल्यावरून सांगते ते येणेप्रमाणे. वय जमादार साहेबांनी अंदाजानं धरलं आहे. निजाम गेला त्या पोलीस ॲक्शनच्या साली मी नवी नवरी होते, त्यावरून.

जमादार अप्पाराव साहेब जबाब लिहून घेत आहेत. मी बोलते तसंच लिहा असं मी त्यांना आधीच सांगितलं. ते हो म्हणाले. तरी 'सदर' आणि 'नमूद' हे शब्द त्यांचे आहेत, माझे न्हाईत.

माझा मालक तातेराव वारून सहा वर्षं झाली. माघारी एक गाडी आणि बैलजोडी राह्यली. बैलांची नावं हरण्या आणि काजळ्या. बाईमाणूस गाडी हाकते म्हणून गावानं चार दिवस तोंडाला पदर लावला, मंग सगळे माझ्याच गाडीत पोती टाकून तीर्थपुरीच्या बाजाराला यायला लागले. बैलांच्या गळ्यात घुंगराचे दोन पट्टे आहेत. ते तातेरावांनी हौसेनं आणले होते. सदर गाडीला दुसरी काही खूण न्हाई.

गावाच्या उगवतीला सरकारी माळ आहे. तिथं हूम राहतो. पुस्तकात त्याला माळढोक म्हणतात, आम्ही हूम म्हणतो. पावसाळा लागला की नर उंचवट्यावर उभा राहतो, गळ्याची पिशवी फुगवतो, शेपूट पाठीवर उलटी टाकतो आणि हूम असा आवाज काढतो. विहिरीत तोंड घालून कुणी हाक मारावी तसा आवाज येतो. उभा राह्यला की माझ्या कमरेला लागेल. मी लहान असताना पुष्कळ होते, लोक खायचे. आता आमच्या माळावर नर एकच उरला आणि तीन-चार माद्या. मादी अंडं घालते तेही एकच, उघड्या जमिनीवर. म्हणजे हा नर गेला की संपलं, पुढच्या साली माळावर आवाज न्हाई.

औरंगाबादच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे देवानंद साळवे सर, ते दोन वर्षांमागं आमच्या गावी आले. मला म्हणाले, मावशी, गाडी पाहिजे, पण सामान काही न्हाई, पाखरू पाहायचं आहे. पाखरापायी भाडं देणारा माणूस मी जन्मात पाह्यला नव्हता. मी मनात म्हणलं, पोरगं शिकून शिकून कामातून गेलं. पण माणूस सरळ आहे. हरण्याला काटा लागला तर आपल्या रुमालानं पाय बांधला त्यानं.

सरांची काम करायची रीत अशी. हूम माणसाला भितो, जीपला भितो, बैलगाडीला भीत न्हाई. गाडी शेतात रोजच दिसते त्याला. म्हणून गाडीतून खाली उतरायचं न्हाई, बोलायचं न्हाई, गाडी थेट त्याच्याकडं न्यायची न्हाई. माळावर चकरा मारायच्या, आणि दर आठवड्याला चकर थोडी आत घ्यायची. घुंगरं काढायची न्हाईत. मी विचारलं, आवाजानं उडल की. सर म्हणाले, उडू द्या, मंग त्याला कळंल की हा आवाज आला तरी आपल्याला काही होत न्हाई. तसंच झालं. पहिल्या पावसाळ्यात तो पार पलीकडच्या बांधाला उभा राह्यचा. दुसऱ्या पावसाळ्यात घुंगरं वाजली की मान वर करून पाह्यचा आणि पुन्हा टोळ वेचायला लागायचा. शेवटी शेवटी खडा मारला तर लागंल इतक्या जवळ यायचा. सरांचे डोळे भरले होते एक दिवस. मी तोंड फिरवून बसले, पण खोटं कशाला बोलू, मला पण भरून आल्तं.

हे सगळं लिहायचं कारण असं, की तो हूम माझ्या घुंगरांवर इमान ठेवून होता. ते आम्ही त्याला शिकवलं होतं. पुढचं त्यावरून समजंल.

माळ राखीव करायचा कागद सरांनी मुंबईला पाठवला होता. एक साहेब कबूल झाला, सहीच बाकी होती. मंग मागच्या साली सरकार बदललं, साहेब बदलला. सरांनी नव्या साहेबाला हूम म्हणजे काय हे पहिल्यापासून सांगितलं. यंदा इलेक्शन झालं, दुसरं सरकार आलं, साहेब पुन्हा नवा. त्यानं म्हणे सरांना विचारलं, हे पाखरू मागच्या सरकारचं का. आता चार महिन्यांत ते पण सरकार गेलं आणि ह्याच महिन्यात तिसरं आलं. कोण गेलं आणि कोण आलं ह्याच्याशी मला देणंघेणं न्हाई. पण दर बदलाला माळावरची एक एक गोष्ट कमी होत गेली, ती मी डोळ्यानं पाह्यली.

आधी माळावर पाटी होती, शिकारीला बंदी म्हणून. भिवा म्हणून राखणदार होता, रोजंदारीवर. इलेक्शननंतर भिवाची रोजंदारी बंद झाली. तो विचारायला गेला तर त्याला सांगितलं, वरून आदेश न्हाई. काढून टाकला असं पण सांगितलं न्हाई आणि राहा असं पण न्हाई. भिवा दोन महिने तसाच राखण करत राह्यला, मंग ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेऊन मोकळा झाला. पाटी कुणीतरी शेळ्यांच्या कुडाला दार म्हणून लावली. मी तिला ओळखते, पण त्या घरचं नाव सांगणार न्हाई. शेळ्या बराबर आत राहतात.

उन्हाळ्याच्या आखरीला सरांना पण काम थांबवायचं पत्र आलं. त्यांचा खर्चा ज्या खात्यातून यायचा ते खातंच कुणाकडं राह्यलं न्हाई म्हणे. जाताना मला म्हणाले, मावशी, सगळं स्थिर झालं की मी येतो. तोवर अधूनमधून गाडी माळावरून नेत जा, नाहीतर तो आपल्याला विसरंल, दोन वर्षांचं काम मातीत जाईल. मी नेत राह्यले. भाडं कुणी देत नव्हतं. कोळपणीच्या दिवसांत रिकामी गाडी माळावर फिरवते म्हणून बाया हसायच्या. हसू द्या म्हणलं.

आता नमूद गुन्ह्याचं.

दिनांक २० रोजी, गुरुवारी, सकाळी आमच्या गावचे रामराव पाटील माझ्या दारात आले. नवीन सरकार आलं म्हणून त्यांच्या वाड्यापुढं आदल्या दिवशी फटाके वाजले होते आणि मुंबईहून कुणी मोठे पाहुणे उतरले होते. रामराव एरवी मला केशरे म्हणतात. त्या दिवशी केशरबाई म्हणाले. तिथंच मी ओळखायला पाहिजे होतं. म्हणाले, पाहुण्यांना हूम पाह्यचा आहे, जीप चिखलात रुतते, आणि तुझ्या गाडीला तो उडत न्हाई असं ऐकलं. मी विचारलं, नुसता पाह्यचाच ना. म्हणाले, बिलकुल नुसता पाह्यचा.

मी हो का म्हणलं ते पण लिहा. सर नेहमी म्हणायचे, मोठ्या माणसानं एकदा डोळ्यानं हूम पाह्यला की कागद जल्दी हलंल. मला वाटलं, हा मुंबईचा माणूस आहे, नव्या सरकारातला आहे. ह्यानं पाह्यलं तर भिवा परत येईल, सर परत येतील. मी गाडीत धुतलेली सतरंजी टाकली. बैलांची शिंगं पुसली. इतकी मी खुळी.

गाडीत रामराव आणि पाहुणे दोघंच बसले. त्यांच्याजवळ गोणपाटात गुंडाळलेलं लांब काही होतं. मी पाह्यलं तर रामराव म्हणाले, छत्री आहे, पावसाचं काय सांगावं. आभाळ होतंच. पाहुणे चांगले बोलले माझ्याशी. बैलांची नावं विचारली, मुलंबाळं किती विचारलं. आम्ही माळावर गेलो तेव्हा हूम नेहमीच्या उंचवट्यावर उभा होता, शेपूट पाठीवर टाकून आवाज काढून राह्यला होता. मी रीतीप्रमाणे चकर धरली. घुंगरं ऐकली तशी त्यानं मान वर केली, आमच्याकडं पाह्यलं, आणि पुन्हा हूम केलं. मला अभिमान वाटला. मी मागं वळले, पाहुण्यांना म्हणायला, की बघा.

तर गोणपाट सुटलेलं होतं आणि बंदूक त्यांच्या गुडघ्यावर होती.

मी म्हणलं, साहेब, ह्याला मारायची बंदी आहे, कायदा आहे. पाहुणे हसले. रामराव म्हणाले, तो कायदा मागच्यांचा होता, आता आपलं सरकार आहे. ह्यावर माझं म्हणणं असं की सरांनी मला सांगितलं होतं, सरकार गेलं तरी कायदा जात न्हाई. पण माळावर मी एकटी, बाईमाणूस, आणि ते दोघं. कायदा सांगायला तिथं मी सोडून कुणी नव्हतं. रामराव म्हणाले, आणखी आत घे. मी विचार केला, गाडी थांबवावी तर इथूनही गोळी लागंल. परतावं तर हे उतरतील, आणि तो घुंगरांच्या भरोशावर उभाच राहील. त्याला उडवल्याशिवाय इलाज नव्हता.

मी कासरा सैल सोडला, चाबूक उचलला आणि बैल थेट त्याच्यावर घातले. दोन वर्षांत मी हरण्या-काजळ्याला माळावर कधी पळवलं नव्हतं, त्यांना पण नवल वाटलं असंल. पण पळाले बिचारे. गाडी दगडाधोंड्यावरून उधळत निघाली. मागं दोघं ओरडत होते. आणि तो हूम उडंना. उभाच. रोजची गाडी आहे म्हणून मान वाकडी करून पाहत राह्यला. मी पाण्याचा तांब्या फेकून मारला, तो त्याच्या पायाशी पडला, तर दोन पावलं सरकून तांब्याकडंच पाह्यला लागला.

मंग मी गाडीत उभी राह्यले आणि बोंबलले, "उड की रे मुडद्या! आम्ही न्हाई तुझे कुणी, उड!"

तेवढ्यात डावं चाक खड्ड्यात गेलं. पाहुणे बाहेर फेकले गेले, बंदुकीचा बार आभाळात उडाला. त्या बाराला हूम उठला. जड पाखरू ते, पळत पळत उठतं. माझ्या डोक्यावरून गेला. मी त्याच्या पोटाखालची पांढरी पिसं पाह्यली. अंगावर कुठं रक्त नव्हतं.

पाहुण्यांच्या खांद्याचं हाड मोडलं. त्याचं मला वाईट वाटतं. त्यांना मीच गाडीत घालून, सतरंजी खाली देऊन, हळू हळू गावात आणलं. वाटेत ते विव्हळत होते. मी त्यांना पाणी देऊ शकले न्हाई, तांब्या माळावर पडला होता.

रामराव पाटलांनी फिर्याद दिली आहे की मी जाणूनबुजून गाडी उधळली आणि मला दुसऱ्या पार्टीच्या लोकांनी फूस लावली. जमादार साहेबांनी मला विचारलं, बाई, बैल बुजले असं झालं असंल ना. जनावर आहे, बुजतं. तसं लिहिलं तर प्रकरण इथंच मिटंल. साहेब भल्यासाठी बोलले, मी जाणते. पण बैल बुजले न्हाईत. मी हाकलले. माझ्या बैलांवर खोटा आळ नको. त्यांनी आजवर कुणाला शिंग लावलं न्हाई. आणि बुजले म्हणून लिहिलं तर उद्या रामराव न बुजणारे बैल आणतील.

कोणत्या पार्टीची असं विचारल्यावरून सांगते की मत मी दर इलेक्शनला देते, कुणाला ते मालक जिते असताना त्यांना पण कधी सांगितलं न्हाई. फूस लावायला कुणी आलं नव्हतं. कुणाला सवड आहे.

गाडी उधळली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळावर गेले तर हूम परत त्याच उंचवट्यावर होता. घुंगरं ऐकून थोडा दबकला, पण उडाला न्हाई. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की एका दिवसानं भागणार न्हाई. जे दोन पावसाळे शिकवलं ते मोडायला पाहिजे. त्या दिवशी आणि पुढं दोन दिवस मी रोज गेले. घुंगरं वाजवत थेट त्याच्यावर गाडी घातली. पत्र्याचा डबा बडवला. ढेकळं मारली. एक ढेकूळ त्याच्या पंखाला लागलं. तो असा पाह्यला माझ्याकडं. मी घरी येऊन भाकरी खाल्ली न्हाई. रविवारी मात्र घुंगरं वाजली आणि तो लांबूनच उठला, पार नाल्याच्या पलीकडं गेला. मला पाहिजे होतं ते झालं, आणि मी तिथंच गाडीत बसून रडले. सर येतील, जवळ जायला पाह्यतील, आणि तो त्यांना सापडणार न्हाई. त्यांचं सगळं काम मी बुडवलं. रागवू दे त्यांना. जिता असला तर लांबून तरी दिसंल.

सोमवारी ठाण्यातून पंचनाम्याला लोक आले. गाडी आणि बैल जप्त करायचे होते, पण ठाण्यात चाऱ्याची सोय न्हाई आणि कोळपणीचे दिवस आहेत म्हणून ते माझ्याच ताब्यात ठेवले. मुद्देमाल म्हणून काहीतरी पाहिजे, तर घुंगराचे दोन्ही पट्टे नेले. पंचांनी सही केली. पट्टे गेल्यानं काय होईल ते मला तेव्हा उमगलं न्हाई.

ते आज उमगलं. आज सकाळी जबाबासाठी ठाण्याला निघाले. वाट माळावरूनच आहे. बैलांच्या गळ्यात घुंगरं नव्हती. हूम वाटेपासून जवळच चरत होता. मी म्हणलं, आता उठंल. तो उठला न्हाई. त्यानं मान वर केली, गाडी पाह्यली, बैल पाह्यले, आणि दोन पावलं माझ्याकडं आला.

मला बरं वाटलं. खरं सांगते, लई बरं वाटलं. मंग कळलं. म्हणजे तो घुंगरांना भ्यायला शिकला, गाडीला न्हाई. मुकी गाडी त्याला अजून आपलीच वाटते. रामरावांच्या वाड्यात गाडी आहे, तिला घुंगरं न्हाईत. गावात बोललं जात आहे की येत्या रविवारी पाहुण्यांचे भाऊ येणार आहेत आणि बंदूक वाड्यातच आहे.

तरी माझी विनंती अशी की माझ्यावर जो काय खटला चालवायचा तो चालवा, तारखेला मी हजर राहीन. दंड झाला तर मजुरी करून भरीन. फक्त घुंगरं परत द्यावीत. रविवारच्या आत द्यावीत. कुणाची पण गाडी माळाकडं निघाली की मी बांधावर उभी राहून ती हातानं वाजवीन, तो उठंल. पाटी गेली, भिवा गेला, सर गेले, आता माळावर तेवढंच राह्यलं आहे. ते पण तुमच्या कपाटात आहे.

हा जबाब जमादार साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. पहिल्या वाचनात त्यांनी घुंगरांची विनंती घेतली नव्हती, ती जबाबात बसत न्हाई म्हणाले. मी उठले न्हाई. मंग त्यांनी घेतली आणि पुन्हा वाचून दाखवली. आता मी सांगितलं तसं सगळं बराबर उतरलं आहे. कुणाच्या दबावानं दिला न्हाई.

निशाणी डावा अंगठा: केशरबाई भ्र. तातेराव खरात

समक्ष: अप्पाराव, जमादार

शेरा: जप्त मुद्देमालापैकी घुंगराचे पट्टे नग दोन, बाईकडून सुपूर्दनामा लिहून घेऊन आजच तिच्या ताब्यात दिले. कोर्टात मागणी होताच हजर करण्याची समज दिली. बाईंनी पट्टे ठाण्याच्या आवारातच बैलांच्या गळ्यात बांधले. परतीची वाट माळावरूनच आहे.